‘राउटर बंद करून चालू करा’च्या पुढचं ज्यांना येतं: लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानाचा अनुभव

पाचपैकी चार तारे. पाचवा का कापला ते पुढे येईलच. त्यात थोडा उशिराचा, थोडा धुळीचा आणि बराचसा पासवर्डचा भाग आहे.

दुकानाचं नाव देत नाहीये, त्याला कारण खुद्द शेठ. पैसे देताना मी म्हटलं, "शेठ, तुमच्याबद्दल चांगलं लिहिणार आहे नेटवर." तर हात जोडून म्हणाले, "लिहा ना बेन, पण नाव नका टाकू. नाव वाचून माणसं फोन करतात, अर्धा तास फुकट विचारतात आणि सामान ऑनलाइन मागवतात." त्यांचंही बरोबर आहे. तर खूण सांगते. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेकडे उतरा आणि लॅमिंग्टन रोडला या (पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असतं, पण टॅक्सीवाल्याला ते नाव सांगितलंत तर तो तुमच्या तोंडाकडे बघत बसेल). एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली हे वायफाय-राउटरचं दुकान आहे. आत दोन गिऱ्हाइकं उभी राहिली की तिसऱ्याने फुटपाथवर थांबायचं. दारात निळ्या लॅन केबलची वेटोळी टांगलेली, आणि काउंटरवर एखादा राउटर साफ करायला घेतलेल्या पापलेटासारखा उघडा पडलेला. अशी दुकानं त्या रस्त्यावर बरीच आहेत, हे मला मान्य आहे.

आता आमचं दुखणं. आम्ही ठाकुरद्वारला राहतो, जुन्या तीन मजली इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. भिंती दीड-दीड फुटाच्या. मे महिन्यात घर गार राहतं म्हणून पाहुणे कौतुक करतात, पण वायफायला त्या भिंती म्हणजे वैरी. घर रेल्वेच्या डब्यासारखं एकामागे एक: बाहेरची खोली, मधली, मग आतली, तिला लागून स्वयंपाकघर आणि शेवटी गॅलरी. इंटरनेटची वायर बाहेरच्या खोलीत येते. सून आठवड्यातले तीन दिवस घरून काम करते आणि बसते आतल्या खोलीत, कारण बाहेर आमच्या ह्यांचा टीव्ही.

प्लॅन २०० एमबीपीएसचा. बाहेर बसलं की सगळं ठीक. आतल्या खोलीत मात्र सुनेची मीटिंग सुरू झाली की दहाव्या मिनिटाला ती पडद्यावर गोठायची, तेही नेमकी तोंड अर्धवट उघडं असताना. एकदा बाहेर येऊन म्हणाली, "आई, आज सगळ्या टीमने माझी दाढ पाहिली." मी हसले, पण तिचा चेहरा हसण्यासारखा नव्हता. त्या दिवशी तिचं प्रेझेंटेशन होतं.

मग कंपनीला फोन. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण इतरांचे अनुभव ऐकले तर ह्या बाबतीत सगळ्या एकाच माळेचे मणी. पलीकडून गोड आवाज: "मॅम, राउटर बंद करा, तीस सेकंद थांबा, चालू करा." आम्ही करायचो, आणि गंमत म्हणजे चालायचं. कधी तासभर, कधी दोन दिवस. तोवर मोबाइलवर मेसेज: आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे. असे सात मेसेज माझ्याकडे आहेत. एकदा एक माणूस घरी आला. टीव्हीशेजारी उभा राहिला, फोनवर स्पीड तपासला, "मॅडम, नव्वद येतंय, घराला एवढं भरपूर झालं" म्हणाला आणि सही घेऊन गेला. आतल्या खोलीत पाऊलसुद्धा टाकलं नाही. ह्याला म्हणतात उंटावरून शेळ्या हाकणं.

मध्ये मुलाने ऑनलाइन एक एक्स्टेंडर, म्हणजे वायफायची रेंज पुढे नेणारा डबा, मागवला, १,८०० रुपयांचा, भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसायचा. तो सुनेच्या टेबलाशेजारी लावला. फोनवर रेंजच्या कांड्या भरभरून दिसायला लागल्या आणि नेट पहिल्यापेक्षा मंद! मला वाटलं डबडंच खराब निघालं.

इथे मला स्वतःबद्दल एक गोष्ट कबूल करायची आहे, लाज वाटते तरी. मी १९८७ साली एमटीएनएलमध्ये लागले, तेव्हा कंपनी स्थापन होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. जानेवारी २०२०च्या अखेरीस व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, घेतली. त्यातली कितीतरी वर्षं टेस्ट डेस्कवर गेली. १९८ वर लोक तक्रार नोंदवायचे, "फोन डेड आहे," आणि आम्ही लाइन टेस्टला घ्यायचो. मीटरचा काटा किती उडतो त्यावरून तार जवळ तुटलीय की लांब, ह्याचा अंदाज यायचा. गरज पडली तर एमडीएफवर, म्हणजे शहरभरच्या तारा जिथे एक्स्चेंजात येऊन टेकतात त्या फ्रेमवर, लाइन सोडवून दोन भाग करायचे. एक भाग आमचा, एक बाहेरचा. दोष कुठल्या अंगाला आहे हे कळल्याशिवाय लाइनमनला बाहेर पाठवायचं नाही, हा पहिला धडा. आणि हीच बाई तीन महिने बटण बंद-चालू करत बसली! वायफायचं काही दिसत नाही ना, त्यामुळे मला ते आमच्या धंद्यातलं वाटलंच नाही.

एक गोष्ट मात्र जुन्या सवयीने केली. वही घातली. तारीख, वेळ, खोली, काय झालं, किती वेळ. अकरा दिवस. "दु. १.१०, आतली खोली, ३ मिनिटं बंद." "सं. ८.३०, सगळीकडे मंद." "पाऊस, पूर्ण बंद, डब्यावर लाल दिवा." वही घेऊन मी चालत लॅमिंग्टन रोडला गेले. पहिल्या दोन दुकानांत वही कोणी उघडलीसुद्धा नाही. एकाने थेट मेशचा, म्हणजे एकमेकांशी जोडून घरभर वायफाय पसरवणाऱ्या डब्यांचा सेट पुढे केला, तीन डबे, नऊ हजारांच्या वर. तिसरं हे जिन्याखालचं. शेठनी वही वाचली, पान उलटलं, परत मागे आले आणि आत बसलेल्या मुलाला म्हणाले, "हे तीन वेगळे फॉल्ट वाटतात. जाऊन बघ, काही विकायचं नाही आज."

त्या एका वाक्यावर मी ६०० रुपये भेटीचे कबूल केले.

मुलगा अकराला येणार होता, आला एक वाजून दहा मिनिटांनी. पंचविशीतला, पाठीला सॅक, चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवल्या. मी कपाळाला आठ्या घालून उभी होते. "सॉरी मावशी, आधीच्या घरी अडकलो," म्हणाला, आणि लगेच, "आधी वायर बघू, मग हवा." ते ऐकलं आणि माझ्या आठ्या गेल्या. एमडीएफच झालं की हे!

त्याने कंपनीचा फायबरचा डबा शोधला, स्वतःची पिवळी केबल काढली आणि लॅपटॉप थेट त्या डब्याला जोडला. वायफाय बंद. स्पीड दोनशेच्या किंचित वर. म्हणजे कंपनी देत होती ते देत होती. मग तीच पिवळी केबल आमच्या राउटरच्या मागे लावली. ९४.

"दोनशेचे चौऱ्याण्णव कसे झाले रे?"

"शंभरवर अडकलंय मावशी. केबल बघू."

फायबरचा डबा आणि राउटर यांच्यामध्ये हातभर लांबीची केबल होती. ती काढून त्याने टेस्टरला लावली. टेस्टर म्हणजे दोन छोटे डबे, दोन्हींवर आठ दिवे, एक ते आठ क्रमाने लुकलुकणारे. १, २, ३ लागले. ४ नाही. ५ नाही. ६, ७, ८ लागले. लॅन केबलमध्ये आठ तारा, चार जोड्या: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. आमची निळी मेलेली. १०० एमबीपीएसला दोनच जोड्या पुरतात, नारिंगी आणि हिरवी. त्यापुढच्या गिगाबिटला, म्हणजे हजार एमबीपीएसला, चारही लागतात. एक गेली की दोन्ही यंत्रं गुपचूप शंभरवर येतात. कसला दिवा नाही, कसला मेसेज नाही. शंभरातले थोडे हिशेबाच्या बिट्समध्ये जातात आणि हातात चौऱ्याण्णव-पंचाण्णव उरतात. तर कधी ९४ दिसले आणि प्लॅन मोठा असेल, तर आधी केबलकडे किंवा पोर्टकडे बघा. केबल बदलल्यावर राउटरमागेही दोनशे आले. सुनेचं गोठणं ह्यामुळे होत नव्हतं, पण पैसे दोनशेचे भरत होतो की नाही?

"वायर झाली. आता हवा."

आतल्या खोलीत तो सुनेच्या खुर्चीवर बसला. लॅपटॉपवर दोन काळ्या खिडक्या उघडल्या. एकीत आमच्या राउटरला, १९२.१६८.१.१ ला, सारखी हाक. दुसरीत बाहेर ८.८.८.८ ला, तो गूगलचा सर्व्हर. हाक मारायची आणि उत्तर किती मिलिसेकंदांत येतं ते मोजायचं. त्याला पिंग म्हणतात. बाहेरच्या खोलीत, केबलवर, राउटर एका मिलिसेकंदाच्या आत ओ देत होता. इथे ४, ६, २१०, ३८०, मग 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'. घरातल्या घरात, वीस-पंचवीस फुटांवर, हाक पोचत नव्हती. बाहेरच्या जगाचा दोष नव्हताच. आणि मी सात वेळा कंपनीशी भांडले होते. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

(कंपनीशी भांडायची वेळ खरोखर येते तेव्हा एक लक्षात ठेवा. ट्राय, म्हणजे फोन-इंटरनेट कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था, तिच्या २०१२च्या नियमांप्रमाणे तक्रारीला डॉकेट नंबर (तक्रार क्रमांक) मिळायला हवा, आणि समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. मी अर्ज लिहून ठेवला होता. पाठवला नाही ते बरं झालं, तोंडावर आपटले असते.)

मग तो फोन हातात धरून सिग्नलची ताकद मोजत घरभर फिरला. बाहेर उणे ५२, मधल्या खोलीत उणे ६८, सुनेच्या टेबलावर उणे ८३ डीबीएम. त्याला वाटलं मला समजवावं लागेल. मी म्हटलं, "बाळा, डेसिबल मी तुझ्या जन्माआधीपासून वाचतेय." दर ३ डेसिबलला ताकद निम्मी, दर १० ला दहावा भाग. ५२ ते ८३ म्हणजे ३१ चा फरक, हजारातला एक भागही उरत नाही. व्हिडिओ कॉलला साधारण उणे ६७ पर्यंत तरी हवं, असं तो म्हणाला.

आणि राउटर होता कुठे? टीव्हीच्या खालच्या कपाटात, सेट-टॉप बॉक्सच्या पाठीमागे, अँटेने आडवे पाडलेले, आणि वर मी विणलेला क्रोशाचा रुमाल. रुमालाने सिग्नल अडत नाही, पण राउटर तापतो. तो रुमाल त्याने दोन बोटांनी उचलला, माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता घडी करून टीपॉयवर ठेवला. समजूतदार मुलगा. खरा अडसर निघाला मधल्या खोलीतलं लोखंडी कपाट, त्यावर पुरुषभर उंचीचा आरसा. राउटरपासून सुनेच्या टेबलापर्यंत सरळ रेघ ओढली तर ती कपाटाच्या बरोबर पोटातून जाते. पत्र्यातून लहरी जात नाहीत. आरशाच्या मागचा थरही धातूचाच.

पण सगळ्यात जास्त वेळ गेला तो चॅनलवर, आणि मला सगळ्यात मजा तिथेच आली. फोनवर त्याने एक अॅप उघडलं. त्यात आजूबाजूची सगळी वायफाय दिसतात, प्रत्येकाची एक कमान. २७ कमानी, एकमेकींत घुसलेल्या! खालच्या बिऱ्हाडाच्या, समोरच्या इमारतीच्या, गल्लीच्या तोंडाशी असलेल्या झेरॉक्सवाल्याच्याही. एकाने आपल्या वायफायचं नाव 'आधी भाडं भर' ठेवलंय. कोण ते मला ठाऊक आहे, पण ते जाऊ दे.

२.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आपल्याकडे १ ते १३ चॅनल आहेत, पण ते एकमेकांपासून फक्त ५ मेगाहर्ट्झवर, आणि एका वायफायला निदान २० लागतात. त्यामुळे एकमेकांच्या अंगावर न येणारे म्हणून साधारण तीनच धरतात: १, ६ आणि ११. आमचा राउटर आपोआप निवडून बसला होता ३ वर, आणि वर रुंदी ४० ची. म्हणजे १ वाल्यांच्याही पायात आणि ६ वाल्यांच्याही.

"पण १, ६, ११ वर तर गर्दी आहे. ३ मोकळा दिसतोय," मी म्हटलं.

"मोकळा दिसतो मावशी, नसतो. एकाच चॅनलवरचे राउटर एकमेकांचं ऐकतात, कोणी बोलत असेल तर थांबतात. बाजूच्या चॅनलवरचा त्यांना शब्द म्हणून कळत नाही, नुसता गोंगाट वाटतो."

हे मला लगेच पटलं. एका लाइनीवर दोन फोन असायचे त्यांना एकमेकांचं ऐकू यायचं, दुसरा बोलत असला की माणूस रिसीव्हर ठेवायचा. क्रॉस टॉक झाला, म्हणजे दुसऱ्याच लाइनीचा आवाज आत घुसला, की मात्र शब्द कळायचे नाहीत, नुसती खरखर, आणि तरी दोघंही बोलत राहायचे. त्याने चॅनल ११ वर कायमचा बांधला आणि रुंदी २० केली. राउटर बंद-चालू केल्यावर का चालायचं तेही इथे कळलं: चालू होताना तो चॅनल नव्याने निवडायचा. कधी नशिबाने बरा मिळायचा, कधी परत ३ च्या खड्ड्यात. संध्याकाळी साडेसातनंतर सगळी घरं टीव्ही लावून बसतात, तेव्हा खड्डा जाणवायचा. माझ्या वहीतल्या "सं. ८.३०"चं कोडं सुटलं.

तेवढ्यात दीड वाजला. मी ह्यांची आमटी गरम करायला मायक्रोवेव्हमध्ये ठेवली आणि आतून पोरगं ओरडलं, "मावशी, आत्ता काय चालू केलंत?" मायक्रोवेव्ह स्वयंपाकघराच्या त्याच भिंतीला टेकलेला, जिच्या पलीकडे सुनेचं टेबल. तोही २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपासच चालतो. दारातून थोडंसं निसटतं, माणसाला त्याचा त्रास नाही, पण उणे ८३ वर कशीबशी तग धरणाऱ्या वायफायला तेवढं पुरतं. आम्ही खात्री केली. कपभर पाणी ठेवून एक मिनिट लावला: हाका गेल्या, उत्तर नाही. बंद केला: ४, ५, ४. परत लावला: परत गायब. "दु. १.१०, ३ मिनिटं बंद." तीन महिने सुनेच्या दुपारच्या मीटिंगा मीच आमटी गरम करून पाडत होते. तिला हे संध्याकाळी सांगितलं, तेव्हा ती पाच मिनिटं हसत होती.

इलाज म्हणून त्याने नवीन काही विकलं नाही, हे ठळक अक्षरांत लिहावंसं वाटतं. माळ्यावर आधीच्या कंपनीचा जुना राउटर पडून होता, तो मागितला. बाहेरच्या राउटरपासून आतल्या खोलीपर्यंत दारांच्या चौकटीवरून १४ मीटर केबल ओढली, पांढऱ्या पट्टीत झाकून. जुना राउटर तिथे फक्त अॅक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे नुसतं वायफाय पसरवायला, लावला. ज्यांना स्वतः करायचं आहे त्यांच्यासाठी: आधी जुन्या राउटरचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ केला, म्हणजे दोघांचा एकच होऊन भांडण नको. मग त्याचं डीएचसीपी बंद केलं, कारण पत्ते वाटणारा घरात एकच हवा. केबल 'वॅन' लिहिलेल्या भोकात न लावता 'लॅन'च्या भोकात लावली. नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे एकच, चॅनल मात्र वेगळा, इथे १. सुनेचा लॅपटॉप त्यालाच केबलने जोडला. आता मायक्रोवेव्हमध्ये अख्खं जेवण गरम करा. बाहेरचा राउटर कपाटातून काढून उंचावर, मधल्या दाराशेजारी ठेवला, अँटेने उभे.

एक्स्टेंडरबद्दल विचारलं. "डबडं चांगलं आहे मावशी, जागा चुकली," म्हणाला. तो ज्या कानाने ऐकतो त्याच तोंडाने बोलतो, एकाच चॅनलवर, त्यामुळे स्पीड तसाही निम्म्याच्या आसपास येतो. आणि जिथे रेंज नाही तिथेच लावला तर तो काय पुढे देणार? कांड्या दिसत होत्या त्या एक्स्टेंडर आणि फोन यांच्यातल्या, राउटरपर्यंतच्या नव्हेत.

राहिला पावसाचा लाल दिवा. फायबरच्या डब्यावर एलओएस लिहिलेला दिवा लाल झाला की बाहेरून प्रकाशच येत नाहीये असं समजायचं, तिथे वायफायशी झगडून उपयोग नाही. त्याने वायर बोटाने धरून उलटी पकडत नेली, खिडकीपर्यंत. वायर खिडकीच्या चौकटीतून आत आलेली. पाऊस आला की आम्ही खिडकी लावतो. त्याने खिडकी दाबून लावली: दिवा लाल. उघडली: थोड्या वेळात हिरवा. काचेचा तो तंतू, ज्यातून प्रकाश जातो तो गाभा, जेमतेम ९ मायक्रॉनचा. वायर चेपली, मुडपली की प्रकाश कडेने निसटून जातो. "ही कंपनीची वायर, मी हात लावणार नाही," तो म्हणाला. मलाही ते योग्य वाटलं. मी आठवा फोन केला, पण ह्या वेळी वाक्य तयार होतं: "खिडकीच्या चौकटीत फायबर चेपली जातेय, खिडकी लावली की एलओएस लाल होतो, स्प्लायसिंगचं मशीन घेऊन माणूस पाठवा." तीस सेकंदांचा मंत्र कोणी म्हटला नाही. दुसऱ्या दिवशी माणूस आला, चौकटीला भोक पाडून वायर वेगळी आत घेतली, जोड मारला आणि गेला. कंपनीलाही हे श्रेय द्यायला हवं.

आता तक्रारी. दोन तास दहा मिनिटं उशीर, एक फोनसुद्धा नाही. ड्रिल मारताना खाली काही अंथरलं नाही. चुन्याची धूळ थेट देव्हाऱ्यावर, संध्याकाळी बाळकृष्णाला परत आंघोळ. आणि सगळ्यात मोठं म्हणजे वायफायचा पासवर्ड मला न विचारता बदलला. राउटरच्या आतल्या सेटिंगचा अॅडमिन पासवर्ड बदलला ते उत्तमच, तो विकत घेतल्यापासून 'अॅडमिन'च होता. पण घरातल्या वायफायचा बदलल्यामुळे टीव्ही, प्रिंटर, चार फोन आणि ह्यांचा जुना टॅब सगळं नव्याने जोडावं लागलं. प्रिंटरने रात्री साडेनऊपर्यंत दाद दिली नाही. आमचे हे त्या दिवशी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. दोन्ही पासवर्ड कागदावर लिहून दिले होते, हे खरं, पण ते आधी सांगायचं असतं.

बिल: भेट ६००, केबल १४ मीटर ३० रुपयांनी ४२०, पट्टी ३००, ड्रिलचे १५०, दोन टोकांचे प्लग आणि छोटी केबल मिळून १३०. एकूण १,६००. एक्स्टेंडरपेक्षा दोनशेने कमी. पक्कं बिल मागितल्यावर मिळालं, आपणहून नाही.

गॅलरीत अजून रेंज कमी आहे. तिथेही एखादा डबा लावावा का, असं मी शेठना विचारलं. मुलगाच मध्ये बोलला, "मावशी, गॅलरीत कशाला? तिथे शेजारणीशी बोला की." विकायची संधी दोनदा सोडली त्यांनी. येताना मी पणशीकरांच्या दुकानात थांबून पियुष घेतलं, दोन जास्तीचे, आणि दुसऱ्या दिवशी वही परत न्यायला गेले तेव्हा दुकानात दिले. हो, वही त्यांनी ठेवून घेतली होती, दुसऱ्या गिऱ्हाइकांना दाखवायला. म्हणाले, लोक येतात आणि नुसतं "नेट चालत नाही" एवढंच सांगतात.

दुकान रविवारी बंद. सकाळी अकराच्या आधी जाऊ नका, शटर अर्धंच वर असतं. घरी बोलावणार असाल तर वेळ सांगतील त्यात दोन तास मिळवून धरा, पासवर्ड बदलू नको म्हणून आधीच बजावा, आणि देव्हाऱ्यावर जुनी चादर टाकून ठेवा.